देवाधर्माचं इंग्रजी: गाभाऱ्यातून, उंबऱ्यावरून की रस्त्यावरून?

प्रश्न थोडक्यात असा. विचारणारे हिंजवडीत नोकरी करतात, दिवसभर इंग्रजीतच बोलतात. शनिवार-रविवारी परदेशी पाहुण्यांना पुण्याच्या पेठांमधून फिरवायचं काम त्यांनी नुकतंच अंगावर घेतलंय, आणि त्यासाठी केलेलं इंग्रजी पत्रकही मला पाठवलंय. कामाबद्दल तासभर सलग बोलणारा माणूस कसबा गणपतीसमोर उभा राहिला की अडखळतो. मूर्तीला 'आयडल' म्हणावं का? नवसाला काय म्हणायचं? 'मायथॉलॉजी' चालतं का? आणि एका पाहुणीने 'डू यू ॲक्चुअली बिलीव्ह दॅट?' असं विचारलं तेव्हा काय बोलायला हवं होतं?

मी पेठांमध्ये आणि कॅम्पात हेच काम बरीच वर्षं करते आहे, आता नव्या गाईडना तयारही करते. त्यामुळे आधीच सांगते, शब्दांची यादी पाठ करून हे सुटत नाही. तुमच्याकडे शब्द आहेत. अडचण वेगळी आहे. देवाधर्माबद्दलचा इंग्रजीतला जवळजवळ प्रत्येक शब्द बोलणारा कुठे उभा आहे ते सांगून टाकतो. गाभाऱ्यातला माणूस एक शब्द वापरतो, उंबऱ्यावरचा दुसरा आणि रस्त्यावरून जाणारा तिसरा. मराठीत आपण हे न ठरवता करतो. 'माउली निघाल्या', 'पालखी निघाली' आणि 'मिरवणुकीमुळे रस्ता बंद आहे' या तीन वाक्यांतली घटना एकच आहे, पण कोण बोलतंय ते लगेच कळतं. इंग्रजीत मात्र आपण गाभाऱ्यातला आणि रस्त्यावरचा शब्द एकाच वाक्यात घालतो आणि मग पाहुणा गोंधळतो. गाईडची जागा बहुतेक वेळा उंबऱ्यावर. आतलं दिसतं, बाहेरच्याशी बोलता येतं.

देहूचंच घ्या. तुकोबांबद्दल 'ही असेंडेड टू वैकुंठ इन हिज बॉडी' म्हणालात तर तुम्ही भक्त म्हणून बोलताय. 'ही डाइड इन १६५०' म्हणालात तर इतिहासाचे शिक्षक म्हणून. 'डिव्होटीज बिलीव्ह ही वॉज टेकन टू वैकुंठ इन हिज बॉडी' हे उंबऱ्यावरचं वाक्य. तिन्ही बरोबर आहेत. बिघडतं कधी, तर पहिल्या वाक्यानंतर कसनुसं हसून 'यू नो, दीज आर स्टोरीज' असं जोडलं की. मग भक्तही दुखावतो आणि पाहुण्यालाही तुमचं खरं मत कळत नाही.

उंबऱ्यावरची वाक्यं इंग्रजीत तयारच मिळतात आणि ती तोंडात बसवून घ्या. 'ट्रॅडिशन हॅज इट दॅट...', 'द स्टोरी गोज दॅट...', 'इट इज सेड दॅट...', 'फॉर डिव्होटीज, धिस इज...'. यांच्यात बारीक फरक आहे. 'लेजंड हॅज इट' म्हटलं की गोष्ट रंजक, पण खरी असण्याची फारशी शक्यता नाही असा सूर लागतो. 'ट्रॅडिशन हॅज इट' त्यापेक्षा आदराचं. आणि 'इट इज बिलीव्ह्ड' दर दुसऱ्या वाक्याला आलं की सरकारी फलक वाचल्यासारखं होतं. कसब्याचं देऊळ जिजाबाईंनी बांधलं, याला 'ट्रॅडिशन हॅज इट' शोभतं. जंगली महाराज रस्त्यावरचं पाताळेश्वर आठव्या शतकातलं आहे हे अभ्यासकांचं अनुमान, तिथे 'इट इज डेटेड टू द एट्थ सेंचुरी' म्हणा. तिथेही 'बिलीव्ह्ड' वापरलं तर लेण्याचा काळ ही भक्तीची बाब असल्यासारखं वाटेल.

आता 'बिलीव्ह'कडे येऊ. आपण 'देवावर विश्वास' म्हणतो, आणि त्या 'वर'मुळे 'बिलीव्ह ऑन गॉड' तोंडातून निघतं. ते 'इन'च. 'आय ॲम बिलीव्हिंग'ही नको, हे क्रियापद सहसा तसं चालत नाही. 'आय बिलीव्ह यू' म्हणजे तू सांगतोयस ते खरं मानतो. 'आय बिलीव्ह इन यू' म्हणजे तुझ्यावर माझा भरवसा आहे. पण 'आय बिलीव्ह इन गोस्ट्स' याचा अर्थ भुतांवर भरवसा असा नाही, भुतं असतात असं मी मानतो एवढाच. म्हणजे हा 'इन' दोन कामं करतो, एक अस्तित्वाचं आणि एक भरवशाचं. तुम्हाला 'डू यू बिलीव्ह इन गणेशा?' असं विचारणाऱ्या पाश्चात्त्य माणसाच्या मनात बहुधा पहिला अर्थ असतो: असा कुणी खरोखर आहे, असं तुम्हाला वाटतं का? आपल्याकडे हा प्रश्न घरात कुणी कुणाला विचारत नाही. आपण विचारतो, 'देवाचं काही करतोस का?' आपला प्रश्न करण्याबद्दल, त्यांचा मानण्याबद्दल. निम्मा गोंधळ इथे आहे. करण्याबद्दल बोलायचं असेल तर इंग्रजीत 'प्रॅक्टिसिंग' आणि 'ऑब्झर्व्ह' हे शब्द आहेत: 'आय ॲम नॉट अ ग्रेट बिलीव्हर, बट वुई ऑब्झर्व्ह ऑल द फेस्टिव्हल्स ॲट होम.' पुण्यातल्या कितीतरी घरांचं अचूक वर्णन या एका वाक्यात होतं.

आणि 'बिलीव्ह'चा तिसरा, हलका उपयोग विसरू नका. 'आय बिलीव्ह द शॉप क्लोझेस ॲट वन' म्हणजे दुकान एकला बंद होतं वाटतं. पेठेतल्या दुकानाबद्दल 'वाटतं' म्हणायची गरज नाही, पण व्याकरण कळलं असेल.

'बिलीफ' म्हणजे एखादी विशिष्ट समजूत, तिचं अनेकवचन होतं. 'फेथ' म्हणजे सगळी श्रद्धा मिळून, त्यात भरवसा आला. 'फेथ'चं अनेकवचन केलं की अर्थ बदलून धर्म असा होतो. 'पीपल ऑफ ऑल फेथ्स' म्हणजे सर्वधर्मीय. समोरच्याला 'व्हॉट इज युअर रिलिजन?' असं थेट विचारणं रेल्वेच्या डब्यात आपल्याकडे खपतं, तिकडच्या माणसाला ते फॉर्म भरून घेतल्यासारखं वाटतं. विचारायचंच असेल तर 'वेअर यू ब्रॉट अप इन अ पर्टिक्युलर फेथ?' हे सौम्य आहे. त्याला 'येस, बट आय डोन्ट प्रॅक्टिस' म्हणून सुटायला वाट राहते.

मूर्तीकडे वळू, कारण तुमचा पहिला अडथळा तिथेच आहे. भारतीय इंग्रजीत 'आयडल' हा साधा शब्द आहे, आपली इंग्रजी वर्तमानपत्रं दरवर्षी 'आयडल इमर्शन'च्या बातम्या देतात आणि कुणालाही त्यात खटकत नाही. पण ज्यू, ख्रिस्ती किंवा मुस्लिम घरात वाढलेल्या माणसाच्या कानाला 'आयडल' म्हणजे खोटा देव. बायबलमधल्या दहा आज्ञांमध्ये कोरीव मूर्ती करू नकोस असं आहे, ते ज्यू आणि ख्रिस्ती माणूस लहानपणापासून ऐकत आलेला असतो. 'आयडॉलटर' तर सरळ शिवीच्या जवळचं. म्हणून मी 'इमेज' म्हणते किंवा 'मूर्ती' शब्दच ठेवते आणि एकदा समजावते. 'स्टॅच्यू' टाळा. संभाजी पार्कात असतो तो स्टॅच्यू, गाभाऱ्यात असते ती मूर्ती.

शब्दापेक्षाही महत्त्वाचं आहे क्रियापद आणि त्याच्यामागे येणारं. 'वुई वर्शिप द आयडल' म्हटलं की मातीला पुजतो असा अर्थ निघतो. 'वुई वर्शिप गणेशा इन धिस फॉर्म' म्हटलं की गोष्ट जागेवर येते. गणेशोत्सवात हे दाखवून देणं सोपं आहे, कारण सगळी प्रक्रिया डोळ्यांसमोर घडते. चतुर्थीच्या आदल्या दिवशी रस्त्याकडेच्या स्टॉलवर मांडलेली मूर्ती ही माती आणि रंग आहे, लोक भाव करतात, सोंड बघतात, पाटावर ठेवून घरी नेतात. प्राणप्रतिष्ठा झाली की मग तो देव. इथे 'इन्स्टॉल' हा शब्द इंग्रजी वर्तमानपत्रांत रुळलाय, पण परदेशी कानाला एसी बसवल्याचा भास होतो. 'कॉन्सिक्रेट' जवळचा, कारण चर्चही 'कॉन्सिक्रेट' करतात. मी सांगते: 'द प्रीस्ट इन्व्होक्स द डेइटी इन्टू द इमेज.' आणि शेवटी उत्तरपूजा झाली की देवाला निरोप दिला जातो आणि मूर्ती पुन्हा माती होते, म्हणून ती पाण्यात सोडता येते. एवढं सांगितलं की 'पण तुम्ही तुमचा देव बुडवता कसा?' हा प्रश्न येतच नाही. फक्त 'ड्राउन' किंवा 'थ्रो' तोंडून जाऊ देऊ नका. 'इमर्स'.

मानाच्या गणपतींचं 'ऑनरेबल गणपती' होऊ देऊ नका, तो आमदार वाटतो. मान म्हणजे मिरवणुकीतला क्रम: 'द फाइव्ह गणपतीज दॅट हॅव प्रेसिडन्स इन द प्रोसेशन.' कसबा पहिला, मग तांबडी जोगेश्वरी, गुरुजी तालीम, तुळशीबाग आणि केसरीवाडा. ग्रामदैवताला 'व्हिलेज गॉड' म्हटलं तर पुण्याचं खेडं होतं. 'द पेट्रन डेइटी ऑफ द सिटी' लगेच समजतं, कारण युरोपातल्या गावांना 'पेट्रन सेंट' असतो. कुलदैवताला 'फॅमिली डेइटी' पुरे.

कसब्यातच आणखी एक शब्द जपायला हवा. शेंदूर लावलेल्या मूर्तीला प्रवासाच्या इंग्रजी पुस्तकांत हमखास 'स्मिअर्ड विथ व्हर्मिलियन' म्हणतात. 'स्मिअर' म्हणजे फासणं, चिखल फासावा तसं. तो रस्त्यावरचा शब्द आहे आणि आपण पुस्तकातून उचलून तो गाभाऱ्यात आणतो. 'कोटेड' किंवा 'कव्हर्ड' म्हणा, चित्र तेच राहतं आणि तुच्छता जाते. स्वयंभूला 'सेल्फ-मॅनिफेस्टेड', पुढे लगेच 'नॉट कार्व्ह्ड बाय एनीवन'. जागृत देवस्थानासाठी 'अवेक' नको. 'अ श्राइन नोन फॉर आन्सरिंग प्रेअर्स' हे अस्सल इंग्रजी आहे आणि नवसाला पावणाऱ्या देवासाठीही तेच चालतं. 'विश-फुलफिलिंग गॉड' म्हटलं की दिव्यातला राक्षस आठवतो.

नवसाला 'व्हाउ'. नवस बोलणं म्हणजे 'मेक अ व्हाउ', फेडणं म्हणजे 'फुलफिल' किंवा 'कीप अ व्हाउ'. 'टेक अ व्हाउ' असं म्हटलं तर संन्यास किंवा लग्नाची शपथ डोळ्यांसमोर येते. नवसापोटी वाहिलेल्या वस्तूला 'व्होटिव्ह ऑफरिंग' म्हणतात. स्पेन, इटली, मेक्सिकोकडच्या पाहुण्यांना हे समजवावं लागत नाही, त्यांच्याकडे चांदीचे हातपाय मेरीला किंवा संतांना वाहतात. उपास म्हणजे 'फास्ट', आणि तो 'कीप' करतात. पण साबुदाण्याची खिचडी, वरी, दाण्याची आमटी, रताळ्याचा कीस असं ताट समोर आलं की पाहुणा विचारणारच की हा फास्ट कसा. तिथे 'वुई ॲब्स्टेन फ्रॉम सर्टन फूड्स' म्हणा. ख्रिस्ती पाहुण्याला 'लेंट', म्हणजे ईस्टरआधीचा उपासाचा काळ, माहीत असतो, त्यामुळे काही पदार्थ सोडणं हाही उपासच, हे त्याला पटकन पटतं. आपल्याला ते ताट बघून पटतं की नाही, हा आपला घरगुती प्रश्न.

पूजा, आरती, प्रसाद, दर्शन हे शब्द भाषांतर न करता ठेवा. शब्द म्हणायचा, लगेच एका श्वासात अर्थ सांगायचा आणि पुढे सरकायचं: 'प्रसाद, फूड दॅट हॅज बीन ऑफर्ड टू द डेइटी अँड इज देन शेअर्ड.' 'होली फूड' म्हटलं तरी चालतं, पण 'ऑफर्ड अँड शेअर्ड'मध्ये काय घडलं ते कळतं. दर्शनासाठी 'टू सी द डेइटी, अँड टू बी सीन' ही जोडी फार कामाची आहे. रांगेत तासभर उभं राहून माणूस तीन सेकंदांसाठी का जातो, ते त्या दुसऱ्या अर्ध्यात आहे. एका ठिकाणी एकच नवा शब्द द्या. पाहुणा प्रवासात आहे, परीक्षेला बसलेला नाही.

तुमच्या पत्रकात 'इंडियन मायथॉलॉजी' दोनदा आलंय. हा शब्द दुधारी आहे. अभ्यासकांच्या भाषेत 'मिथ' म्हणजे समाजाला अर्थ देणारी पवित्र कथा, खरं-खोटं हा मुद्दाच नाही. रोजच्या इंग्रजीत 'मिथ' म्हणजे गैरसमज. 'फाइव्ह मिथ्स अबाउट डायबेटिस' असं आरोग्याच्या पानावर असतं तसं. शिवाय इंग्रजीत ग्रीक आणि रोमन देवांची 'मायथॉलॉजी' असते, कारण त्यांना आज कुणी नैवेद्य दाखवत नाही, असं म्हटलं तरी चालेल. जिवंत धर्माच्या कथांना पाश्चात्त्य माणूस सहसा 'मायथॉलॉजी' म्हणत नाही, बायबलमधल्या कथांना तर नाहीच. म्हणून 'अ स्टोरी फ्रॉम द पुराणाज' लिहा. त्यात कुणाचंच काही जात नाही.

वारीबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण ज्येष्ठात तुम्हाला हे लागणारच. ज्ञानेश्वरांची पालखी भवानी पेठेत पालखी विठोबा मंदिरात उतरते, तुकोबांची नाना पेठेत निवडुंग्या विठोबाला. वारी म्हणजे 'पिल्ग्रिमेज' हे ठीक, पण वारकरी 'मार्च' करत नाहीत, 'वॉक' करतात. पादुकांना 'स्लिपर्स' म्हटलं की न्हाणीघर आठवतं. 'द सिल्व्हर सँडल्स दॅट स्टँड फॉर द सेंट' म्हणा. 'सेंट'वर कॅथलिक पाहुणा थांबतो, कारण त्यांच्याकडे सेंट हा व्हॅटिकनकडून रीतसर जाहीर व्हावा लागतो. तो विचारतो, यांना कुणी सेंट केलं? लोकांनी, हेच उत्तर. 'पोएट-सेंट' म्हटलं तर प्रश्न कमी येतात. गंमत म्हणजे 'संत' आणि 'सेंट' यांचा एकमेकांशी काही संबंध नाही, एक संस्कृत 'सत्'मधून आलाय, दुसरा लॅटिन 'सँक्टस'मधून. समाधी मात्र खरोखर अवघड आहे. ध्यानाची अवस्था, देह ठेवण्याची कृती आणि त्या जागेवरचं बांधकाम, तिन्हींना आपण समाधीच म्हणतो. आळंदीच्या समाधीला 'टूम' म्हटलं तर आत प्रेत आहे एवढाच अर्थ उरतो. तिथे 'द श्राइन व्हेअर ही एन्टर्ड समाधी इन १२९६' आणि मग समाधीचा अर्थ.

वारकरी संप्रदायाला 'कल्ट' म्हणू नका. जुन्या अभ्यासात हा शब्द सरळ होता, एखाद्या दैवताची उपासना एवढाच त्याचा अर्थ. आपल्या डेक्कन कॉलेजने १९६० मध्ये विठोबावरचा जो इंग्रजी ग्रंथ काढला त्याच्या नावातच 'कल्ट' आहे. पण १९७८ मध्ये गयानातल्या जोन्सटाउनला एका पंथाची नऊशेहून अधिक माणसं मेली, त्यानंतर 'कल्ट' म्हटलं की सामान्य माणसाला डोकं फिरवलेले अनुयायी आणि कुंपण दिसतं. 'सेक्ट'लाही फुटीर गटाचा वास आहे. 'ट्रॅडिशन' सगळ्यात निर्धोक, 'डिव्होशनल मूव्हमेंट' त्याच्या मागोमाग.

'सुपरस्टिशन' हा संपूर्णपणे रस्त्यावरचा शब्द. स्वतःच्या श्रद्धेला तो कुणी लावत नाही, दुसऱ्याच्याच लावतो. फक्त 'टच वुड' म्हणताना इंग्रज हसून स्वतःला 'सुपरस्टिशस' म्हणवून घेतो. अंधश्रद्धेचं 'ब्लाइंड फेथ' असं शब्दशः केलं तर फसगत होते. 'ब्लाइंड फेथ' माणसाला आपल्या डॉक्टरवर असू शकते, साहेबावर असू शकते. प्रश्न न विचारता ठेवलेला भरवसा असा तो अर्थ आहे, दारावरच्या लिंबू-मिरचीशी त्याचा संबंध नाही.

ओंकारेश्वराजवळच्या महर्षी शिंदे पुलावरून गट नेत असाल तर कधीतरी डॉ. नरेंद्र दाभोलकरांबद्दल विचारणा होईल. २० ऑगस्ट २०१३ ला सकाळी तिथे त्यांची हत्या झाली आणि त्याच आठवड्यात राज्य सरकारने जादूटोणाविरोधी वटहुकूम काढला. डिसेंबरमध्ये कायदा झाला. इंग्रजी वर्तमानपत्रं त्याला 'अँटी-सुपरस्टिशन लॉ' म्हणतात. पण कायद्याच्या लांबलचक इंग्रजी नावात 'सुपरस्टिशन' कुठेच नाही. त्यात नरबळी आहे, अमानुष, अनिष्ट आणि अघोरी प्रथा आहेत, जादूटोणा आहे. म्हणजे मनाई कृत्यांना आहे, मनातल्या समजुतीला नाही. इंग्रजीत 'बिलीफ' आणि 'प्रॅक्टिस' हे दोन शब्द वेगळे ठेवले की ही गोष्ट एका वाक्यात सांगता येते: 'द लॉ बॅन्स सर्टन प्रॅक्टिसेस, नॉट बिलीफ्स.' अंगात येण्याबद्दल विचारलं तर हेच भान ठेवा. 'पझेस्ड' म्हटलं की सैतान आणि भूत उतरवणारा पाद्री डोळ्यांपुढे येतात. 'शी गोज इन्टू अ ट्रान्स' हे उंबऱ्यावरचं. 'द गॉडेस कम्स टू हर' हे आतलं, आणि ते त्या बाईच्या तोंडचं म्हणून सांगा.

आता 'डू यू ॲक्चुअली बिलीव्ह दॅट?' या वाक्यातला 'ॲक्चुअली' टोचतो हे खरं. पण तो बहुतेक वेळा हेटाळणीचा नसतो. त्या बाईला दिसतंय की लॅपटॉपवर काम करणारा, तिच्यासारखाच माणूस हत्तीच्या मस्तकाच्या देवाला हात जोडतोय, आणि तिला खरंच जाणून घ्यायचंय. उत्तर तुमच्या जागेवर ठरेल. श्रद्धा असेल तर 'येस, आय डू' एवढंच, न हसता आणि पुढे सफाई न देता. हवं तर 'आय ग्रू अप विथ हिम' जोडा, गणपतीबद्दल ते अगदी शोभतं. कथा शब्दशः मानत नसाल तर कळीचा शब्द 'लिटरली': 'नॉट लिटरली, बट द स्टोरी मीन्स अ लॉट टू मी.' पाश्चात्त्य श्रोत्याच्या डोक्यात 'लिटरल' आणि 'सिम्बॉलिक' असे दोन कप्पे आधीच असतात, त्यामुळे हे लगेच पोचतं. सण म्हणूनच सगळं करत असाल तर 'इट्स मोअर कल्चरल दॅन रिलिजस फॉर मी'. ठाऊकच नाही असं असेल तर 'ॲग्नॉस्टिक', हा शब्द टी. एच. हक्सली या इंग्रज जीवशास्त्रज्ञाने १८६९ च्या सुमारास घडवला तो नेमका याच जागेसाठी. 'एथीइस्ट' देव नाही असं म्हणतो, ॲग्नॉस्टिक ते कळणं शक्य नाही असं. आपला शास्त्रातला 'नास्तिक' दोघांपेक्षा वेगळा, तो वेद न मानणारा, त्यामुळे जैन आणि बौद्ध दर्शनंही त्यात येतात. हे पाहुण्याला सांगायला जाऊ नका, चहा थंड होतो.

आणि उत्तर द्यायचंच नसेल तर तेही सभ्यपणे जमतं: 'दॅट्स अ बिग क्वेश्चन. बट आय कॅन टेल यू व्हॉट धिस क्यू बिलीव्ह्ज.' मग रांगेतल्या लोकांबद्दल बोला. एकच करू नका. अवघडून हसत 'वुई इंडियन्स आर व्हेरी सुपरस्टिशस' म्हणू नका. नवीन गाईड हे फार बोलतात, आणि त्या रांगेत कुणाची तरी आई उभी असते.

माणसांच्या विशेषणांचं थोडक्यात सांगते. भाविकाला 'डिव्हाउट' म्हणा. 'पायस'मध्ये आजकाल थोडी टिंगल असते. 'गॉड-फिअरिंग' देवभीरूच्या जवळ, जरा जुनाट. सोवळेपणाचा आव आणणाऱ्यासाठी 'सँक्टिमोनिअस' आहे, पण तो शब्द गाडीत बसल्यावर वापरा. 'लॅप्स्ड' मुख्यतः कॅथलिकांना लागतो, 'लॅप्स्ड हिंदू' हा विनोद होतो, कारण आपल्याकडे नाव कमी करायला हजेरीपटच नाही. 'टॉलरन्स' हा शब्द भाषणात छान वाटतो, पण 'टॉलरेट' म्हणजे खपवून घेणं. शेजाऱ्याच्या धर्माबद्दल बोलताना 'रिस्पेक्ट' बरा.

कॅम्पात गेलात की सगळीच शब्दसंपत्ती बदलते. लाल देवळाला 'रेड टेम्पल' म्हणून मोकळे होऊ नका. ते ओहेल डेव्हिड सिनेगॉग, डेव्हिड ससूनने बांधायला घेतलेलं, १८६७ मध्ये पुरं झालेलं. पुणेकरांनी त्याला देऊळ म्हटलं ही आपली भाषा. ज्यूंच्या धर्मगुरूला 'रॅबाय' म्हणतात, 'प्रीस्ट' नव्हे, आणि मशिदीतल्या इमामालाही 'प्रीस्ट' म्हणू नका. चर्चमध्ये कॅथलिकांची 'मास', प्रोटेस्टंटांची 'सर्व्हिस'. अग्यारीला 'फायर टेम्पल' हा रुळलेला शब्द आहे, पण पारशांना 'फायर-वर्शिपर्स' म्हणणं त्यांना आवडत नाही. अग्नी त्यांच्यासाठी पावित्र्याचं आणि प्रकाशाचं रूप, देव अहुर मझ्द. आत जाता येत नाही हे सांगताना 'नॉट अलाउड'पेक्षा 'इट इज रिझर्व्ह्ड फॉर झोरोॲस्ट्रियन्स' म्हणा. जुन्या दगडी पाट्यांवर 'मोहमेडन' दिसेल, ते वाचून दाखवायला हरकत नाही, पण तोंडात बसू देऊ नका. मुस्लिम प्रेषिताची पूजा करत नाहीत आणि तो शब्द नेमका तसंच सुचवतो.

पत्रकाबद्दल शेवटची दुरुस्ती. उच्चार सारखे असले की संगणकाची स्पेलिंग तपासणी झोपून राहते. 'प्रे' म्हणजे प्रार्थना करणं ए-वायने, शिकार असेल तर ई-वायने. चर्चमधली वेदी ए-आरने संपते, ई-आरने संपली तर बदल करणं. 'प्रॉफेट' आणि 'प्रॉफिट' तुम्ही बरोबर लिहिलेत. पण दुसऱ्या पानावर, विसर्जनाच्या परिच्छेदात, 'आयडल'च्या शेवटी ओ-एलऐवजी एल-ई पडलंय, आणि त्याचा अर्थ होतो आळशी. छपाईला देण्याआधी तेवढं बघा.